पांढऱ्या उंदराची खांदेमळण

सेलूची सुलभा अमेरिकेत जाऊन उंदीर सांभाळते, हे कळलं तेव्हा तिच्या जावा पदराआड हसल्या होत्या. हसतील नाही तर काय! घरात उंदीर दिसला की हीच बाई केरसुणी उगारत पलंगावर चढायची, आणि आता रोज सकाळी डबा भरून त्याच जातीच्या सेवेला निघायची.

नवरा गेल्यावर संजीवने, तिच्या मुलाने, तिला श्रूजबरीला आणलं. घर मोठं, गालिचे मऊ, सून आसावरी गुणाची, नात सलोनी गोड. पण सकाळी सगळी आपापल्या गाड्या काढून गेली की घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिज सुरू झाला तरी सुलभा दचकायची. मग देवळात भेटलेल्या एका बाईने सांगितलं, जवळच्या संशोधनशाळेत पिंजरे धुवायला, जनावरांचं दाणापाणी बघायला माणसं हवीत, इंग्रजी जेमतेम चालेल. सुलभाचं इंग्रजी जेमतेमच्या जरा अलीकडेच होतं. पण तिला घेतलं. गळ्यात घालायला तिच्या फोटोचं एक कार्ड दिलं. ते दाराला टेकवलं की हिरवा दिवा लागायचा आणि दार आपोआप उघडायचं. आजवर तिच्यासाठी असं दार कुणी उघडलं नव्हतं. घरी आली तरी ते कार्ड ती उशिरापर्यंत गळ्यातच ठेवायची. सून म्हणायची, "आई, काढा की आता," तर ही म्हणायची, "असू दे, टोचत नाही."

पिंजरे धुण्यात तिने वर्ष काढलं, मग तिला आतल्या खोलीत घातलं. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

ओळीने पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक पांढरी उंदरीण, शेपटीने वर टांगलेली. अगदी अधांतरी नव्हे. पुढचे दोन पाय जाळीवर टेकलेले, मागचे दोन हवेत. शेपटीला पट्टी, पट्टीला दोरी, दोरी वरच्या कडीला. कडी फिरायची, म्हणून उंदरीण पुढच्या पायांनी चालत खायला जायची, पाणी प्यायची, आणि मागचे पाय पोहल्यासारखे नुसते हलत राहायचे. नव्या टांगलेल्यांचे हलायचे. जुन्या झालेल्यांचे हलायचेही थांबलेले. सुलभाला त्या थांबलेल्या पायांचीच जास्त भीती वाटली.

त्या खोलीतला अभ्यास निहारचा. निहार पुण्याचा, डॉक्टरेट करत होता. दिसायला इतका वाळका, की सुलभा पहिल्याच आठवड्यात त्याच्यासाठी थालीपीठ घेऊन गेली होती. तिने त्यालाच विचारलं.

"अरे निहार, ही कसली शिक्षा रे?"

"शिक्षा नाही मावशी. वर अंतराळात गेलं की वजनच नसतं, माणूस तरंगतो. पायांना कामच नाही. मग बॉडी म्हणते, वापरत नाही तर पोसायचे कशाला? मांड्या बारीक होतात, हाडं पोकळ होतात. ते कसं थांबवायचं, हे शोधायचंय. सगळ्यांना वर पाठवू शकत नाही ना, म्हणून इथेच मागच्या पायांवरचं वजन काढून घेतो."

"मग माणसालाच टांगा की."

"माणसांना महिनोन्महिने झोपवून ठेवून बघतात, मावशी. पण माणूस आपलं हाड काढून देत नाही ना बघायला."

म्हणजे या देणार. सुलभाला कळलं. तिने पुढे विचारलं नाही, आणि निहारनेही थालीपीठ खाता खाता दुसरीकडे बघितलं.

काम साधं होतं. दाणापाणी बघायचं, खालचा कागद बदलायचा, आणि शेपटीवर नजर ठेवायची. शेपटी गुलाबी म्हणजे ठीक. काळपट दिसली किंवा पट्टीपाशी सोललं, तर लगेच सांगायचं. हात लावायचा नाही, औषध द्यायचं नाही, फक्त सांगायचं. हे तिला निहारने सांगितलं, त्याच्या वरच्यांनी सांगितलं, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाई कॅरोल यांनी तर बोट वर करून सांगितलं. नाव ठेवायला बंदी होती, नंबरच म्हणायचा. तरी सुलभाने एकीला मनातल्या मनात ठकी म्हणायला सुरुवात केली होती. ती दार उघडल्याबरोबर तोंड वर करून नाक हलवायची. दुसऱ्या कुणी नाही हलवलं असं.

एकदा एकीच्या शेपटीला सोललेलं दिसलं. सुलभाने नेमाप्रमाणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पिंजरा रिकामा, धुतलेला, उपडा ठेवलेला. कुणी काही बोललं नाही. विचारायला सुलभाचं इंग्रजी पुरलं नाही, आणि मराठीतून निहारला विचारायचा धीर झाला नाही. पण मनात पक्कं बसलं, की इथे सांगितलं की संपलं.

आणि मग ऑगस्टअखेरीला ठकीच्या शेपटीच्या बुडाशी, पट्टीच्या काठावर, लाल झालेलं दिसलं.

त्या दिवशी सुलभा काही बोलली नाही. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात बघते तर परवा पोळा, म्हणजे उद्या खांदेमळण.

सुलभाच्या वडिलांकडे बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल न्हाऊन यायचे, आणि वडील हळद-तूप घेऊन त्यांचे खांदे चोळत बसायचे. जू घासून घासून तिथली कातडी पार राठ झालेली, कुठे सोललेली. चोळताना वडील कानाशी वाकून म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जो आपल्यासाठी राबला त्याच्या दुखऱ्या जागेला एक दिवस तरी हात लावायचा, एवढंच त्यात होतं. लहानगी सुलभा वाटी धरून उभी असायची. बैल डोळे मिटून घ्यायचा.

हिला पट्टी काचते, त्याला जू काचायचं. जाणार ती जाणारच, पण कामाला येऊन तरी जाऊ दे. फोडापायी फुकट नको. असा सगळा विचार तिने भाकरी थापता थापता केला, आणि जुन्या कुंकवाच्या डबीत तुपात कालवलेली हळद भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी नसताना तिने ते केलं. अंगावर कामाचा निळा झगा, हातात मोजे, तोंडावर मास्क. तिने शेपटीच्या बुडाशी हळद लावली. ठकी स्वस्थ राहिली. मग हात आवरेना. कपाळालाही एक बोट लावलं, बैलांना लावतात तसं. म्हणाली, "आज आवतण घे गं बाई." एवढं बोलून भानावर आली.

पांढरीशुभ्र उंदरीण, आणि तिच्यावर ही हळद!

जन्मभर जिने मुलांच्या सदऱ्यांवरचे हळदीचे डाग घासले, फडक्यांवरचे घासले, सुनेच्या पांढऱ्या ओट्यावरचे घासून शेवटी फोटोफ्रेम ठेवून झाकले, त्या बाईला हे आधी आठवू नये? तिने कागद ओला करून पुसलं. डाग पसरला. आणखी पुसलं, आणखी पसरला. उन्हात ठेवलं की हळद उडते, हेही तिला ठाऊक होतं. पण त्या खोलीला खिडकीच नव्हती.

'उद्यापर्यंत जाईल,' असं स्वतःला सांगत ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, ती कपडे बदलून येते तो निहार दारातच उभा. चेहरा पांढराफटक.

"मावशी, आत नका जाऊ."

"का रे?"

"एकीला कावीळ झालीय. कान पिवळे, तोंड पिवळं, पंजे पिवळे! परवा बघितली तेव्हा नॉर्मल होती. लिव्हर गेलं असणार. काहीतरी इन्फेक्शन आलंय, यार. मागच्या महिन्यात नवीन बॅच आली ना, तिच्यातूनच."

सुलभाच्या लक्षात आलं. ठकीने पुढच्या पंजांनी तोंड धुतलं असणार, जशी ती रोज धुते. कपाळावरची हळद पंजांना, पंजांची कानांना, कानांची तोंडाला. अंगभर हळद माखून घेतली होती बाईने, नवरीसारखी.

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने. पण निहारने तोवर फोन लावला होता. डॉक्टर कॅरोल दुसऱ्या गावी होत्या, उद्या सकाळी यायच्या होत्या. तोवर खोली बंद. फोन ठेवून निहार भिंतीला टेकला.

"त्या काय म्हणाल्या माहितीये? लागण असली तर रूम रिकामी करावी लागेल."

"रिकामी म्हणजे?"

निहारने बंद दारावरून हात आडवा फिरवला. म्हणजे तेच. सगळ्या ओळी. उपडे पिंजरे. आणि ज्या गेल्या त्या फुकट गेल्या, कारण अर्ध्यावरच्या हाडांचा कुणाला उपयोग नाही. निहारची तीन वर्षंही त्यांच्याबरोबर.

सुलभा घरी गेली. हात चौथ्यांदा साबणाने धुतले. बोटाच्या टोकाशी, नखाच्या कडेला, पिवळी रेघ होतीच. डबी भरताना मोजे कुठे होते?

संध्याकाळी तिने स्वयंपाक केला. पोळा म्हणून पुरण घातलं होतं, ते आसावरीने शिजवलं. सुलभाने वरण-भात केला. सगळे जेवायला बसले. सलोनीने वाटीत चमचा फिरवला.

"आजी, व्हाय इज द डाळ व्हाइट?"

संजीव हसला. "खरंच की. आई, हळद संपली का काय?"

सुलभाच्या हातातला डाव खाली पडला. एवढा मोठा आवाज झाला की आसावरी उठून उभी राहिली.

"अहो आई, काय झालं? बरं नाही का?"

"काही नाही. विसरले."

"तुम्ही? हळद?" आसावरीने तिचा हात धरून पाहिला, ताप आहे का म्हणून. सुलभाने हात ओढून घेतला, ते पिवळं नख दिसू नये म्हणून.

तिला वाटलं, न सांगता राहिलं तर काय होईल? कार्ड राहील. हिरवा दिवा लागेल. आणि रिकाम्या खोलीचं दार उघडेल. सांगितलं तर कार्ड जाईल, आणि परत ती, तो फ्रिज आणि गालिचे. शिवाय इथल्या कायद्याचं कुणी सांगावं? जनावराला काही केलं म्हणून संजीवला तर बोलावणार नाहीत? तिने पुरणपोळीचा घास घेतला. तो परत ताटात ठेवला. आवतण देऊन बसली होती, आणि आज जेवायला बोलावलेलीच टांगलेली होती तिकडे, पिवळी होऊन.

सकाळी ती लवकर गेली. खोलीच्या दारावर लाल कागद चिकटवलेला. निहार बाहेर जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला.

"मावशी, घरी जा. आज कुणालाच आत घेणार नाहीत. डॉक्टर आत आहेत."

"काय म्हणतात?"

"रक्त घेतलंय. पण रिपोर्टसाठी थांबतील असं वाटत नाही. शेजारच्या रूममध्येही ॲनिमल्स आहेत ना. दुपारपर्यंत ठरवतील."

सुलभा त्याच्या शेजारी खाली बसली. गुडघे कुरकुरले.

"निहार, ती कावीळ नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"हळद आहे ती."

"मावशी, प्लीज. जोक्स नका करू."

तिने पर्समधून डबी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने उघडली. वास घेतला. परत घेतला.

"यात तूपही आहे?"

"तुपाशिवाय कसली खांदेमळण?"

"कसली काय?"

मग तिने सगळं सांगितलं. शेपटीचं, वडिलांच्या बैलांचं, त्या रिकाम्या पिंजऱ्याचं. ऐकता ऐकता निहारचे कान लाल झाले. तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडला असता तर बरंच झालं असतं. पण तो हळूच म्हणाला,

"काल का नाही सांगितलं? रात्रभर मी आईला फोन करून रडत होतो."

"भ्याले रे बाळा."

त्याने डबीचं झाकण लावलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "ऐका. तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो, कसला तरी डाग दिसतोय, कशाचा ते माहीत नाही. तुमचा जॉब जाईल, मावशी. इथे या गोष्टी फार सिरियसली घेतात."

सुलभाला तो क्षणभर देवासारखा वाटला. "आणि त्यांनी नाही ऐकलं तुझं?"

निहारने डबी तिच्या हातात परत ठेवली.

"तर दुपारी रिकामी?"

"हो."

सुलभा भिंतीला धरून उठली. लाल कागदावरच तिने दार ठोठावलं.

डॉक्टर कॅरोल उंच, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी दार थोडंसं उघडलं. सुलभाने रात्री मनात जुळवलेलं इंग्रजी सगळं सांडून गेलं. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यलो. इट इज मी." आणि डबी पुढे केली.

पुढचं निहारने सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मग त्या आत गेल्या आणि दार उघडंच राहिलं. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस त्यांनी ठकीच्या कानावरून फिरवला. पाण्याने न निघालेली हळद भसकन कापसावर आली. खालचा कान गुलाबीच्या गुलाबी.

डॉक्टरांनी पिवळा कापूस उजेडात धरून पाहिला, मग निहारला काही विचारलं.

"त्या विचारतायत, का केलंत?" निहार म्हणाला.

"सांग त्यांना, ती राबते म्हणून. आणि तक्रार केली असती तर मारून टाकली असती. मागच्या वेळेसारखी."

निहारने सांगितलं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "मागच्या वेळेस कुणाला मारलं?"

त्या तिला समोरच्या खोलीत घेऊन गेल्या. एक साधा पिंजरा, त्यात एक उंदरीण चारही पाय टेकून दाणे खात बसलेली. शेपटीच्या बुडाशी जुना वण. हीच ती. तक्रार आल्याबरोबर तिला खाली उतरवून मलम लावलं होतं, आणि आता नवशिक्यांना उंदीर कसा धरायचा, ते हिच्यावर शिकवत. कुणीतरी सुलभाला सांगायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पण तिनेही विचारायला हवं होतं, असंही म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज चढला.

चांगली बातमी ऐकून माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे सुलभाला त्या दिवशी कळलं.

मग डॉक्टरांनी हात पुढे केला. कार्ड मागितलं. वरचे लोक ठरवतील तोवर कामावर यायचं नाही. सुलभा कार्ड काढायला गेली तर दोरी चष्म्यात अडकली, आणि निहारला सोडवावी लागली. बाकीच्या उंदरिणी वाचल्या. ठकी मात्र अभ्यासातून बाद. हळदीने सूज उतरते, हाडांवरही काही होत असेल, आता तिच्या हाडांवर भरवसा कसा ठेवायचा?

"बाद म्हणजे?" सुलभाने विचारलं. यावेळी विचारलं.

"खाली उतरवणार," निहार म्हणाला. "आत्ताच."

डॉक्टरांनी पट्टी कापली आणि ठकीला खाली ठेवलं. मागचे पाय जमिनीला लागले आणि दोन बाजूंना पसरले. ती पुढच्या पायांनी सरकली. मागचं अंग ओल्या फडक्यासारखं ओढलं गेलं. सुलभाने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले, तेव्हा ठकीने कोपऱ्यात जाऊन पाठ जरा वर उचलली होती. मागचे पाय कापत होते.

घरी तिने संजीवला सांगून टाकलं. तो आधी ओरडला, मग म्हणाला, "आई, तू लॅबमध्ये पोळा केलास?" आणि तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे. हसत होता की काय, तिने बघितलं नाही. तिला हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. फोन वाजला की हातातलं टाकून ती धावायची. फ्रिज सुरू झाला की दचकायची.

फोन आला तो निहारचा. "मावशी, ठेवतायत तुम्हाला. पण ती रूम नाही. परत पिंजरे धुवायचे. आणि ट्रेनिंग पहिल्यापासून. खिशात काही न्यायचं नाही, अगदी लवंगसुद्धा."

"आणि तुझा अभ्यास?"

"चाललाय. थालीपीठ कधी आणताय?"

ट्रेनिंगच्या दिवशी तिला कॉलेजातल्या चार पोरांबरोबर बसवलं. सगळे तिची नातवंडं शोभतील एवढे. समोर डॉक्टर कॅरोल. उंदीर कसा उचलायचा, अंगाखाली हात कसा द्यायचा, हे दाखवून झालं आणि त्यांनी मागच्या पिंजऱ्यातून एक उंदरीण काढली. शेपटीच्या बुडाशी, मुळाशी, केस अजून किंचित पिवळसर. त्यांनी पोरांकडे पाहिलं, मग सुलभाकडे.

"यू फर्स्ट."

सुलभाने मोजे नीट ओढले आणि ओंजळ पुढे केली. ठकीने नाक हलवलं. मग डॉक्टरांनी हात काढून घेतला, आणि ठकीचे मागचे दोन पाय सुलभाच्या तळहातावर टेकले, नखं मोज्यातून टोचली, आणि ठकीने त्या पायांवर आपला भार टाकला.